आधी शेवटचा दिवस

१९९६ चा एप्रिल, मंगळवार. महिलांच्या हातपंप दुरुस्ती प्रशिक्षणाचे सहा दिवसांचे वेळापत्रक मला संध्याकाळपर्यंत टाइप करून द्यायचे होते. मोखाड्याच्या पंचायत समितीत तेव्हा मी प्रशिक्षणाचे काम बघत असे.

आमच्या हातपंप मेकॅनिकना कागद दाखवला. त्यांनी तो खालून वर वाचला. कोणताही कागद ते असाच वाचत. असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. आधी वैतागच आणतो.

"मॅडम, शेवटच्या दिवशी बाया काय करून दाखवणार?"

"समारोप आहे. पाहुणे येतील."

"पंप पाहुणे खोलणार काय?"

महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. बदली माणूस पावसाळ्यानंतर मिळणार होता. प्रशिक्षण सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावर होते आणि तिथे पंप एकच. तो मेमध्ये बंद पडला, तर बायकांना दरीतल्या झऱ्यापर्यंत उतरावे लागणार.

त्यांनी कागदाच्या तळाशी लिहिले, 'दिवस सहावा : बाया पंप खोलतील, जोडतील. मी गप्प.'

"आता सांगा, त्यासाठी पाचव्या दिवशी हाताला काय यायला पाहिजे?"

असे मागे येत येत आम्ही पहिल्या दिवसापर्यंत पोहोचलो. 'पाण्याचे महत्त्व' हे माझे दोन तासांचे व्याख्यान कुठेच बसेना.

"हंडा वाहणारीला पाण्याचं महत्त्व तुम्ही सांगणार?"

राग आला, पण टाइप केले त्यांचेच.

सहाव्या दिवशी पाड्यावर पाच बायका पाइप वर ओढत होत्या. एक जरी निसटून बोअरमध्ये गेला असता, तर पंप कायमचा गेला असता. मेकॅनिक पाठ फिरवून उंबराखाली बसले होते. बघितले की तोंड उघडते, म्हणाले.

मीच पुढे झाले. "अगं, घट्ट धर!"

"बाई, तू सावलीत बस. ऊन लागंल," एक बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या.

हंड्यात धार पडल्याचा आवाज आला, तेव्हाच ते वळले. पंप खोलायचे आपले पाने त्यांनी बायकांसाठी तिथेच ठेवले.

मेमध्ये एका सकाळी कळले : पाड्यावरचा पंप बंद. माझा धीर सुटला. मेकॅनिक निवृत्त होऊन जव्हारकडच्या जामसरला शेती बघत होते. त्यांना निरोप धाडला, लगेच या.

संध्याकाळी मला सावलीत बस म्हणणारी तीच बाई कचेरीत हजर.

"पंप बंद ना?" मी विचारले.

"कालच चालू केला. वॉशर गेलता. आता जास्तीचे दोन दे."

मी खुर्चीत बसले. तिच्यासाठी चहा मागवला आणि आधी मीच प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जव्हारच्या जीपवाल्याकडे जामसरसाठी निरोप दिला : पंप चालू आहे, येऊ नका.