शाळा क

जनवाड्याहून निघालो त्या सकाळी अप्पांनी उरलीसुरली मेंढरं चुलत्याच्या हवाली केली आणि पाठ फिरवून उभे राहिले. माय पत्र्याच्या पेटीवर बसून होती. मी नऊ वर्षांची. बसमध्ये अप्पा सारखे एकच म्हणत होते, "गुलबर्ग्यात नवीन कॉलन्या उठायलेत. काम हाय. पोरीला चांगल्या शाळेत घालू." तुम्ही जे गावात राहिलात त्यांना वाटलं, सुटले बिचारे. जे आमच्यासारखे निघाले त्यांना सांगायची गरज नाही.

अप्पांना पहिलं काम मिळालं ते एका नव्या इंग्रजी शाळेच्या कंपाउंडचं. आम्ही तिथंच ताडपत्रीखाली राहायचो. भिंत पुरी झाल्यावर अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, माझ्या केसांना तेल लावायला मायला सांगितलं आणि मला घेऊन शाळेच्या सेक्रेटरीसमोर उभे राहिले. माझ्या पोरीला घ्या, एवढंच म्हणाले. सेक्रेटरी मान वर न करता आमच्याच बोलीत बोलला, "भिंत बांधलास, मजुरी घेतलास. आता आत कामून यायलास?" शेजारचा क्लार्क हसला. अप्पाही हसले, कसनुसे. ते हसणं मी आजवर विसरले नाही, आणि विसरायचं नाही असं तेव्हाच ठरवलं होतं.

सरकारी कन्नड शाळेत शिकले. शिकत गेले, कारण रागाला दुसरी वाट नव्हती. पुढं बेंगळुरूला पीएचडीला लागले. विषय घेतला, शहरात आलेल्या मजुरांची मुलं कुठल्या शाळेत जातात आणि कुठल्या दारावरून परत फिरतात. अभ्यासाला चार शाळा निवडल्या, त्यातली एक त्या सेक्रेटरीची. कारण गाइड मॅडमना सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या की शाळा अभ्यासात बसते, तर घे. पण नाव कुठंही यायचं नाही, संशोधनाचा तो नियम आहे. त्याची शाळा 'शाळा क' झाली. इतकी वर्षं जे नाव दातांखाली धरून ठेवलं होतं, तेच लिहायची मला मनाई. त्या दिवशी हॉस्टेलवर मी जेवले नाही.

मुलाखतीला गेले तेव्हा त्यानं मला ओळखलं नाही. पीएचडी व्हायच्या आधीच 'डॉक्टर मॅडम' म्हणत चहा मागवला. रेकॉर्डर लावू का विचारलं, तर खुशीत हो म्हणाला. मजुरांच्या मुलांचं काय करता, या प्रश्नावर तो खुर्चीत रेलला आणि अप्पांना ऐकवलेलं तेच वाक्य बोलला. जणू त्याची आवडती म्हण होती. पुढचा प्रश्न मी नीट विचारला.

काम पुरं होत आलं तेव्हा गुलबर्ग्यातच एक परिसंवाद भरला. शहरातल्या संस्थाचालकांना बोलवा, असा आग्रह मी धरला. तो पहिल्या रांगेत बसला होता. मी 'शाळा क' एवढंच म्हणून ते वाक्य मूळ बोलीत वाचलं, मग कन्नडमध्ये. सभागृहात कुजबुज झाली. तो ताडकन उठला. "मी ते त्या अर्थानं बोललो न्हवतो," म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. मी म्हटलं, "सर, मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही."

तो खाली बसला. पाणी मागितलं. मी पुढचं पान सावकाश उलटलं. खोटं कशाला सांगू, इतकं गोड मला कधी काही लागलं नव्हतं.

अप्पा तोवर थकून जनवाड्याला परतले होते. दुसऱ्या दिवशी पोचून त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, डोळे भरून येतील. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं आणि विचारलं, "बरं झालं. मंग आता घ्यायलाय का त्यो मजुराची लेकरं?"

"न्हाई."

"मंग काय केलीस?"

बेंगळुरूत नोकरी तयार होती. मी गुलबर्ग्यात खोली घेतली. यंदा कायद्यानं खासगी शाळांना गरिबांसाठी जागा ठेवणं भाग पडलं, तेव्हा बांधकामावरच्या एका बाईला आणि तिच्या मुलीला घेऊन त्याच्या ऑफिसात गेले. त्यानं टाळाटाळ केली, मी एकेक नियम सांगत बसले. शेवटी सही झाली. मुलगी वर्ग बघायला गेली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, माझ्याशी तुमचं वैर काय? मी सांगितलं, जनवाड्याच्या मल्लप्पांची मुलगी. तो खरोखर विचार करत राहिला. मग म्हणाला, "कोण मल्लप्पा?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं.

जनवाड्याला गेले की माय मला पाहुणीसारखं ताट वाढते. बेंगळुरूच्या मैत्रिणी विचारतात, आता तिथं काय ठेवलंय? सूड झाला ना? नाही झाला. जूनमध्ये मी पुन्हा जाणार, आणखी लेकरं घेऊन, त्याच्या पुढ्यात बसणार. घर म्हणजे माया, असं तुम्ही म्हणाल. माझं वैर जिथं आहे, तिथं सध्या माझं घर आहे.