मासळीमॅडम

आमच्या मॅडमना माणसाच्या चपलांच्या वासावरून त्याचा धंदा कळायचा. कोकणातून कोणी कोळंबीवाला आला आणि त्याने दारात चपला काढल्या, की मॅडम आतूनच म्हणायच्या, "बर्फ कमी पडतोय तुमच्याकडे. या, बसा." तो बिचारा नमस्कार करायच्या आधीच अर्धा गारद व्हायचा.

सरकारी प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून त्यांनी नारायण पेठेत दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं होतं. परदेशी व्यापाराला देशाची दारं नुकतीच उघडली होती. मासे तळ्यात वाढवणारे, साफ करून विकणारे, परदेशी पाठवणारे असे सगळे अचानक इंग्रजी नियमांच्या तावडीत सापडले होते. ते नियम त्यांना मराठीत समजावून सांगायचे, हे मॅडमचं काम. मी त्यांची टायपिस्ट. अख्ख्या पेठेत त्यांना मासळीमॅडम म्हणत, आणि मला 'त्या मासळीकडची'. माझं लग्न दोन वर्षं लांबलं ते याच पायी, असं माझ्या आईचं ठाम मत होतं.

इमारतीचे मालक कट्टर शाकाहारी. त्यांनी जिन्यात पाटी लावली होती : 'मासळीचा सल्ला वर मिळतो. मासळी सोबत आणल्यास सल्ला रस्त्यावर घ्यावा लागेल.' मॅडमनी ती पाटी चष्मा लावून शांतपणे वाचली आणि मालकांना सांगितलं, "शुद्धलेखन चांगलं आहे तुमचं." त्यानंतर नमुन्याचा मासा कोणी घेऊन आला, की त्या खरोखरच खाली उतरून सायकलींच्या शेजारी उभ्या राहून त्याचे कल्ले उघडून बघत. मालक गॅलरीतून बघत. दोघांचे संबंध शेवटपर्यंत उत्तम राहिले.

"आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालतं," हे वाक्य रोज कोणी ना कोणी ऐकवायचंच. मॅडम चहा ओतता ओतता म्हणायच्या, "पिढ्यान्‌पिढ्या तुमचं गिऱ्हाईक शेजारी राहत होतं. पोट बिघडलं तर संध्याकाळी भांडायला यायचं. आताचं गिऱ्हाईक भांडायला येत नाही. ते दुसरीकडून घेतं." मग समोरचा एका घोटात चहा पिऊन टाकायचा.

समजावताना त्या घरातलीच उदाहरणं देत. तापमानाची नोंद का ठेवायची, तर दूध तापवायला ठेवून आपण टीव्ही बघत बसतो का, असं. लोकांना पटायचं. या उदाहरणांनीच एकदा घात केला.

काही वर्षांनी सुनंदा नावाची एक बाई आमच्याकडे यायला लागली. शहराने नुकत्याच गिळलेल्या एका गावात तिचं आणि तिच्या नवऱ्याचं रोहू-कटला माशांचं तळं होतं. गावाच्या निम्म्या जमिनीवर आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि उरलेल्या निम्मीवर बिल्डरचा डोळा होता. तिचा दीर तर विकायला टपूनच बसला होता. एका कंपनीच्या कँटीनने तिचे मासे घ्यायची तयारी दाखवली. त्यांचा तपासनीस मासे कापायची खोली बघून जाणार होता. तो पास म्हणाला तर तळं राहणार, नाहीतर दिवाळीनंतर सगळं विकायचं, असं घरात ठरलं होतं. आदल्या भेटीत मॅडम तिला म्हणाल्या, "पाहुणे यायचे असले की घर कसं ठेवतेस? तशी ठेव खोली."

तपासणीच्या सकाळी आम्ही पोचलो आणि दारातच थबकलो. बाईने अख्खी खोली शेणाने सारवली होती. कापायच्या टेबलाखाली रांगोळी, बर्फाच्या पेटीला झेंडूचा हार, वजनकाट्याला हळदकुंकू. सुनंदा नवं लुगडं नेसून उभी. "नुसतं धुऊन बरं वाटंना मॅडम. म्हनून सारवून घेतलं."

मला हसू आवरेना आणि रडूही येईना. तेवढ्यात तपासनिसाची गाडी फाटकात शिरली. सुनंदाचा नवरा पाण्याची नळी घेऊन धावला. "मारतो पानी, त्याला काय कळतंय."

"नळी ठेव खाली," मॅडम म्हणाल्या. त्या स्वतः गाडीपाशी गेल्या आणि त्या टाय लावलेल्या माणसाला म्हणाल्या, "आज खोली नापास आहे. कापायच्या खोलीत शेण आहे. आधी तसं लिहा, मग दुसरी तारीख द्या." तो माणूस गोंधळला. सल्लागार चुका झाकायला असतात, अशीच त्याची आजवरची समजूत होती.

"तुमी आमच्या बाजूनं का त्याच्या?" नवऱ्याने विचारलं.

"जो हा मासा खाणार आहे, त्याच्या," मॅडम म्हणाल्या. मग सुनंदाजवळ गेल्या. ती कोपऱ्यात तोंडाला पदर लावून रडत होती. "चूक माझी आहे. 'पाहुणे' म्हणाले मी. पाहुणे म्हटल्यावर तू रांगोळी काढणारच." साडी खोचून त्या खरवडायला बसल्या. मीही बसले, न बसून सांगते कोणाला.

पुढचे पंधरा दिवस मॅडम बिबवेवाडीच्या आपल्या घरून दोन बस बदलून तिथे जायच्या. घरची उदाहरणं बंद. कुठे काय धुवायचं, कशाने, किती वेळ, एवढंच बोलायच्या. दुसऱ्या तपासणीत खोली पास झाली. मॅडमनी फक्त "हं" म्हटलं, पण परतताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. मला तेव्हा त्या फार आवडल्या.

बऱ्याच वर्षांनी मॅडम आजारी पडून वारल्या, त्याच्या आदल्या दिवशी सुनंदा हॉस्पिटलमध्ये आली. आयसीयूच्या दारात तिने बांगड्या उतरवल्या, कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, आणि नळ कोपराने बंद केला. नर्स बघतच राहिली. "तुम्ही कुठल्या हॉस्पिटलला आहात?"

"मी मासळीत हाय," सुनंदा म्हणाली.

मॅडमनी डोळे उघडले. दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. "तिकडे कोण बघतंय?"

"सून हाय."

"मग तू इथे काय करतेस? जा."

"व्हय, जाते," सुनंदा म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली.