मिलोचे उंडे

सुंदरम्माच्या घरात त्या साली दोन पिठं होती, आणि दोघांची गाठ पडता कामा नये असा तिचा हुकूम होता. गव्हाचं पीठ चुलीपासून लांब, झाकणाच्या डब्यात. मिलोचं पीठ तिच्या हाताशी.

कारण नात महादेवी. नऊ वर्षांची पोर अंगानं पाच वर्षांची दिसायची. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. दीड वर्षापूर्वी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "हिला गहू सोसत नाही. पोळी, रवा, बिस्कीट, काही नको. कणभरसुद्धा नको. नाहीतर ही पोर हाती लागायची नाही."

ज्वारी खाणाऱ्या सोलापुरात हे काय अवघड, असं कुणालाही वाटेल. पण ते त्र्याहत्तर साल होतं. दुष्काळात ज्वारी महाग झाली होती, आणि रेशनला गहू नाहीतर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. मिलो दिसायला ज्वारीसारखा, पण चवीला मातकट, आणि भाकरी थापताना चिरायची. लोक नाकं मुरडायचे. सुंदरम्मानं गल्लीत सांगून ठेवलं, "तुमचा मिलो मला द्या, आमचा गहू न्या." गिरणीत दिवसभर गहू दळला जाई, म्हणून तिनं माळ्यावरचं जातं खाली काढलं. पहाटे कपाळी भस्म लावून, गळ्यातल्या लिंगाची पूजा आटोपून ती जात्यावर बसे आणि नातीपुरतं पीठ काढी. खांदा भरून आला तरी सुनेला हात लावू देत नसे.

इतकं करूनही पोरीच्या अंगी काही लागेना. दर महिन्याला डॉक्टर तिला काट्यावर उभी करत आणि काटा आपला जागच्या जागी. "घरात कुणीतरी गहू देतंय," ते म्हणाले.

घरी येताच सुंदरम्मानं सुनेला, शांतम्माला, धरलं. "आईची माया वेडी असती. पोर रडली की तुकडा देत असशील तू."

"न्हाई अव्वा, खरंच न्हाई."

"लिंगाला हात लावून सांग."

शांतम्मानं लिंगाला हात लावून सांगितलं. तरी सासूच्या मनातली अढी गेली नाही.

अशात सुंदरम्माच्या नवऱ्याची, गुरुलिंगप्पांची पुण्यतिथी आली. पाहुणे सकाळीच उतरणार, आणि मठाच्या स्वामींच्या हातून पूजा होईपर्यंत पंगत बसणार नाही. तोवर लोकांच्या पोटाला काहीतरी हवं. दरसाल पुऱ्या तळत. यंदा सुंदरम्मा म्हणाली, "पोरीला कोपऱ्यात येगळं ताट न्हाई. समदे खातील त्येच ती बी खाईल."

तिनं मिलोचं पीठ उकळत्या पाण्यात घालून मळलं. त्यात तीळ, जिरं, वाटलेली मिरची आणि मूठभर मेथीची पानं. तेल पुरवून वापरायचं होतं, म्हणून तळण नाही. लिंबाएवढे उंडे वळून वाफवले आणि एका पळीभर तेलात लसूण-मोहरीची फोडणी करून त्यात घोळवले. सोबत शेंगदाण्याची चटणी. तीस माणसांचं भागलं.

अक्कलकोटची नणंद गंगम्मा ताट बघून म्हणाली, "वैनी, माज्या भावाच्या नावानं मिलो चारतीस व्हय? आमच्याकडं कोंबड्यास्नी घालत्यात ह्ये."

"आदी खा, मग आरवा की," सुंदरम्मा म्हणाली, आणि बायका हसल्या. गंगम्मानं तीन खाल्ले आणि चौथ्यासाठी ताट पुढं केलं.

महादेवी आत्येभावंडांच्या मधोमध बसली होती. इकडच्या ताटात बघ, तिकडच्या ताटात बघ. "आई, माज्या ताटात बी त्येच हाय!" सुंदरम्मा पदर तोंडाला लावून बघत राहिली. दीड वर्षात तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पूजा आटोपली. म्हातारे स्वामी हुग्गीची वाटी घेऊन, म्हणजे गव्हाच्या खिरीचा प्रसाद घेऊन, रांगेतून एकेकाच्या हातावर देत आले. शांतम्मा लगबगीनं पुढं झाली. "स्वामी, हिला नको. गहू हाय त्यात."

महादेवीनं हात पुढंच ठेवला. "घेऊ दे की आई. आज्जी देतीच की दर सोमवारी. प्रसाद बाधत न्हाई म्हणती."

रांगेतली डोकी सुंदरम्माकडं वळली.

सुंदरम्मानं हे लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. लिंगाला दाखवलेला नैवेद्य तिच्या लेखी गहू राहतच नव्हता. दर सोमवारी मठातून ती चमचाभर हुग्गी पानात बांधून आणी आणि पोर बरी होऊ दे म्हणत तिच्या तोंडात घाली. पोर फारच मलूल दिसली त्या आठवड्यात दोन चमचे.

"स्वामी, तुमी तरी सांगा," ती म्हणाली. "परसाद कसा बाधंल?"

स्वामींनी वाटीकडं पाहिलं. "मला ठाव न्हाई, अम्मा," म्हणाले, आणि पोरीला वगळून पुढं गेले.

त्या दिवसापासून शांतम्मानं पोरीला एकटीला सासूजवळ सोडलं नाही. आठवड्यानं तिनं नवऱ्याला, मल्लप्पाला, सांगितलं, "पोरीला घेऊन वैरागला जाते, माहेरी." मल्लप्पानं आईकडं पाहिलं. सुंदरम्मानं मान हलवली आणि पोरीचे कपडे घडी घालून दिले.

चौथ्या महिन्यात पोस्टकार्ड आलं. महादेवीचं वजन तीन किलो वाढलं होतं, पोट उतरलं होतं, शाळेत पळत जात होती. सुंदरम्मानं ते मल्लप्पाकडून दोनदा वाचून घेतलं. "चांगलं झालं," म्हणाली. मग न्हाणीत जाऊन बसली. पोर आपल्या हातून सुटली म्हणून वाढली, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

मार्गशीर्षात ती एकदा वैरागला गेली. दारातच महादेवी धावत येऊन बिलगली. गाल भरले होते.

"आज्जी, काय आणलंस?"

"काय न्हाई गं माजे बाई." सुंदरम्मानं दोन्ही तळवे उघडे करून दाखवले. पोरीला ते खरं वाटेना. तिनं आजीची पिशवी धुंडाळली, मग कनवटीला हात घातला. सुंदरम्मानं सगळं शोधू दिलं.

दारात उभी असलेली शांतम्मा बघत होती. आजीजवळ खरंच काही नाही अशी तिची खात्री झाल्यावर ती म्हणाली, "आत या, अव्वा."