वारुळापुढची ओटी

इंदिराबाईंची आणि माझी पहिली भेट भांडणातच व्हायची, पण भांडण थोडक्यात टळले. सातेरी देवीच्या देवळामागे मी भाताची गिरणी नुकतीच उभी केली होती. दर शुक्रवारी शाळेत शिकवून झाल्यावर बाई गावातल्या बायकांना घेऊन देवळात ध्यानाला बसत, आणि नेमका तेव्हाच माझ्या गिरणीचा पट्टा धडधडे. बाई गिरणीत आल्या, तेव्हा मी उत्तर तयार ठेवले होते. त्या म्हणाल्या, "गिरणी थांबवू नका. कांडपातून बायांचे हात सुटले, हीसुद्धा देवीचीच सेवा. बैठकीची वेळ आम्ही बदलतो." धंद्यात कान तिखट होतात. माणूस गोड बोलतो की खरे, ते आवाजावरून कळते. हा आवाज खरा होता.

"देवीला आई म्हणायचे आणि घरातल्या आईला मागे उभे करायचे, ही कसली उपासना?" असे बाई बैठकीत विचारत. याचे उत्तर त्यांनी करून दाखवले, ते माझ्या आईच्या बाबतीत.

वडील लवकर वारले. आईने लोकांचे भात कांडून मला वाढवले. नवरात्रात सवाशिणी वारुळरूपी सातेरीची ओटी भरत, तेव्हा ती खांबाआड उभी राहून इतरांची ताटे धरी. एका वर्षी ओटी भरायची बाईंची वेळ आली. त्यांनी आपले खण-नारळाचे ताट आईच्या हातात दिले आणि तिला पुढे केले.

गावचे मानकरी तातू म्हणाले, "बाईनू, रीत मोडू नकात. देवी कोपली तर निस्तरतलो कोण?"

एरवी पुस्तकी बोलणाऱ्या बाई मालवणीत उतरल्या. "तातूनू, ह्या सातेरीक घोव खंय आसा? एकटीच गाव सांभाळता. तरी तिची ओटी भरतास मा?"

मागे एक म्हातारी खुदकन हसली. तातूंनी कौल लावायला सांगितला. गुरवाने वारुळाशेजारच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकही पडेना.

आई पुटपुटली, "ऱ्हवांदे गो बाय, मी जातंय खांबाकडे."

बाईंनी तिचा हात सोडला नाही. "तातूनू, देवी सांगता, माका कित्याक इचारतास? तुमचा तुमी ठरवा."

तातू वारुळापुढे वाकले. मग बाजूला सरले. "जा गो वयनी. भर ओटी."

त्या वर्षापासून आमच्या देवळात खांबाआड कोणी उभे राहत नाही. याचे श्रेय बाईंना देऊ गेले, तर त्या म्हणतात, "वाट तातूंनी दिली." तातूही हे ऐकून खूश असतात.

आता बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या या गौरव अंकासाठी मी चार चांगले शब्द जुळवत होतो. आई ऐकत होती. म्हणाली, "तुझा लिवणा ऱ्हवांदे. यंदा बाईसाठी गाऱ्हाणा मीच घालतंय." देवीला गाऱ्हाणे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने साकडे, पुरुषांनी घालायचे, ही आमच्याकडची आणखी एक रीत. मी तिला आठवण करून दिली नाही. तिने माजघरातच हात जोडून तालीम केली:

"बाय सातेरी, जिना माका खांबाआडसून भायर काढल्यान, तिका काठी धरूची पाळी येव नये. तिचो हात असोच आमच्या हातात ऱ्हवांदे."

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी मिळून होकाराची साथ द्यायची असते. वाचकहो, तेवढे आपले काम.

होय म्हाराजा.