दुसऱ्या कडव्यात थांबलेलं गाणं

उन्हात तापलेल्या सतरंजीचा वास आला की मला आसेगावची चौदा एप्रिलची जयंती आठवते. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. आमच्या गायन पार्टीत मी आधी निवेदन करायची. पाहुण्यांचं स्वागत, पुढचं गाणं, हरवलेली पोरं, सगळं माईकवर मीच सांगायची. मुख्य गायिका लग्न होऊन गेली तेव्हा कुठे मला गायला बसवलं. त्या संध्याकाळी आम्ही दुसऱ्या गावचा कार्यक्रम उरकून थेट तिथे पोचलो होतो, घशात नुसती धूळ. तरी दुसरं कडवं जमून येत होतं, तोच एक म्हातारा स्टेजवर चढला. "माय, गाणं थांबव. माही नात सापडून नाही राह्यली. तू सांग." मी पेटीवाल्याकडे बोट दाखवलं. "त्याचं कोन आयकते? तुहा आवाज लोकाहीले पाठ हाय." पेटी थांबली. मी सांगितलं, लाल फ्रॉक, पायात वाळे. लोक शोधायला उठले, बरेचसे तसेच जेवायला घरी गेले, आणि मंडप रिकामा झाला. तेवढ्यात स्टेजमागच्या सतरंज्यांच्या ढिगावरून ती पोरगी डोळे चोळत आली. गाणं ऐकता ऐकता तिथेच झोपली होती. म्हाताऱ्यानं कडेवर घेतलं तरी ती माझ्याकडेच बघत रडवेली म्हणाली, "गानं काहून बंद केलं व?" पेटीवाला पेटी बांधायला लागला होता. यंदाही जयंतीचं बोलावणं आलंय, निवेदनासाठीच, गाण्यासाठी नाही. जाईन. गाणं बंद का केलं, हे इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलेलं नाही.