टोमणे बंद झाले तेव्हा

आमच्या घरात गोड बोलणं परक्यांसाठी होतं. रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा निजामपुऱ्यातल्या शेजाऱ्यांशी गुजरातीत साखरपेरणी करायचे आणि घरात शिरताच मराठीत आमची सालटी काढायचे. आईच्या वरणाला ‘सुपाच्य’ म्हणायचे, म्हणजे पाणीदार. आई गेल्यावर ते एकटे राहू लागले आणि हा खवचटपणा मेसेजमधून चालू राहिला. रविवारी येत नाही असं मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वासण्यातल्या माझ्या घरून कळवलं की उत्तर यायचं, ‘आपल्या अनागमनाचे शुभवर्तमान पोचले. धन्य झालो.’ त्या एका ‘अन’मध्ये त्यांचं सगळं वाट बघणं असायचं. मी हसायचे आणि मुकाट्याने स्कूटर काढायचे.

या हिवाळ्यात मी तसंच कळवलं, तर उत्तर आलं, ‘बरं. काळजी घ्या.’ काळजात चर्र झालं. स्वतःच्या मुलीला ‘घ्या’, आणि त्यात टोमणा शोधून सापडेना. पुण्यातल्या भावाला फोन केला. तो म्हणाला, म्हातारपणी निवळलेत, तुला सुख टोचतंय. मला त्याचा रागच आला. असा माणूस निवळत नाही.

मग मी मुद्दाम खडा टाकून पाहिला. बाबांना मधुमेह. लिहिलं, ‘जिलबी खा पोटभर, डॉक्टरांना काय कळतंय?’ पूर्वी यावर माझा चांगला उद्धार झाला असता. या वेळी लगेच उत्तर आलं, ‘बरं. आणतो.’

हातातलं काम टाकून मी निघाले. वाटेत सगळे सिग्नल लागले. मनात एकच भीती होती आणि तिचं नाव मी घेत नव्हते.

दार त्यांनीच उघडलं. दाढी नीट केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"आवो बेन, आवो. बेसो," ते म्हणाले, आणि माझ्या जिवात जीव आला. हाच तो टोमणा, इतक्या दिवसांनी उगवलेल्या लेकीला पाहुणी ठरवणारा. मी मोठ्याने हसले. त्यांच्याच तऱ्हेने म्हणाले, मुलीला ओळखलंत, उपकार झाले.

ते हसले नाहीत. आत जाऊन ट्रेमधून पाणी घेऊन आले आणि समोरच्या खुर्चीत सावरून बसले. टेबलावर जिलबीचा पुडा अर्धा संपलेला होता. मी ग्लास उचलला.

माझं पाणी पिऊन होण्याची त्यांनी थोडी वाट पाहिली. मग दारात आलेल्या परक्या बाईला ‘कोणाकडे आलात’ असं विचारावं, तशा अदबीने विचारलं,

"बोलो बेन, कोनुं काम छे?"