दुसरा बांबू

महाराष्ट्र राज्य नवं होतं, त्या दिवसांत संग्रामपूरच्या आठवडी बाजारात भरदुपारी वावटळ आली आणि बरीच पालं उडाली. बाजारभाव टिपायला गेलेला मी तेव्हा कंदिलाच्या काचा विकणाऱ्या एका माणसाजवळ होतो.

जुनी मोटार हेच त्याचं घर आणि दुकान. सकाळी टपाला ताडपत्रीची एक कड बांधून दुसरी तो दोन बांबूंवर ताणत होता. एक बांबू त्याच्या हातात, दुसरा दगडांच्या गोणीला टेकवलेला, दोर दातांत. मी गोणीजवळचा बांबू धरायला पुढे झालो.

"राहू द्या साहेब. आज तुमी धरसान, उद्या उंद्रीच्या बाजारात कोन धरीन?"

"अबे, धरू दे ना! इज्जत जाते काय तुही?" शेजारचा म्हातारा बांगडीवाला ओरडला. मग मला हळूच म्हणाला, "याची बायको धरे. वारली औंदा."

दुपारच्या वावटळीत गोणी सरकली. ताडपत्रीखाली त्याच्या सगळ्या काचा मांडलेल्या होत्या. मी न विचारता बांबू धरला. त्यानं पाहिलं, पण नको म्हणाला नाही.

वारा पडला. एकही काच फुटली नव्हती.

"सोडा आता," तो म्हणाला.

मी बांबू सोडला. त्यानं गोणी जागेवर आणली, दोर सोडला आणि पहिल्यापासून एकट्यानं बांधला.